उंदरांच्या नावावर

बसडेपोत त्याला सगळे वायरमन म्हणत. निवृत्त झाला तरी ते नाव त्याला चिकटूनच राहिलं. बंद पडलेल्या बसखाली तो टॉर्च घेऊन शिरायचा आणि बिघाड हुडकूनच बाहेर यायचा. अलीकडे मात्र डोळ्यांनी दगा दिला होता. मोतीबिंदू पिकत चालला होता आणि जवळचंही धूसर दिसे. हे त्याने बायकोपासूनही लपवलं होतं.

मोटारीचे पुढचे दिवे मिणमिणायला लागले तेव्हा बायको म्हणाली, गाडी गॅरेजला टाका. गॅरेज त्याच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाचं होतं, आणि नेमकं तेच त्याला सलत होतं.

"जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या," तो म्हणाला. "आता माझ्या गाडीसाठी त्याच्या दारात जाऊन उभा राहू?"

बायकोने विषय सोडून दिला. हट्टाला पेटलेल्या नवऱ्याशी डोकं लावण्यात अर्थ नाही, हे तिला संसारात केव्हाच कळलं होतं.

रविवारी त्याने अंगणात बॉनेट उघडलं. जुनी वायर कुजली होती, म्हणून त्याने बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नवी वायर ओढली. डॅशबोर्डखालून नेताना ती पत्र्याच्या धारदार कडेवर टेकली, ते त्याला दिसलं नाही. नव्या वायरीला स्वतंत्र फ्यूज हवा होता. घरात नव्हता, दुकानं बंद होती. उद्या टाकू, असं त्याने ठरवलं. याच गोष्टीवरून डेपोत त्याने शिकाऊ पोरांची खरडपट्टी काढली होती. पण दिवे लख्ख लागले, बायकोने येऊन कौतुक केलं, आणि उद्याचं राहूनच गेलं.

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दवाखान्यात जाताना ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसायची. नातवंडं दार उघडतील म्हणून मागच्या दारांना आतून न उघडणारं चाइल्ड लॉक लावून ठेवलेलं. परतताना वायरमनने औषधाच्या दुकानासमोर गाडी थांबवली, किल्ली काढून घेतली आणि आत गेला. तेवढ्यात डॅशबोर्डखालून धूर निघायला लागला. किल्ली काढल्यामुळे काचा खाली होईनात, दार आतून उघडेना, पुढच्या सीटवर जायला गुडघा वाकेना. शेवटी रस्ता झाडणाऱ्या माणसाने फावड्याने काच फोडून तिला ओढून काढलं. ती वाचली. पण उजवा तळहात भाजला आणि आवाज कायमचा घोगरा झाला.

जळालेली गाडी गॅरेजला ओढून नेली. गॅरेजवाल्याने दिवा धरून आत पाहिलं. वायर जोडण्याची ती पद्धत त्याला वायरमननेच शिकवली होती. तो बराच वेळ वाकून राहिला, मग दिवा बंद केला.

"उंदरांनी वायर कुरतडलेली दिसते, काका."

"असेल," वायरमन म्हणाला.

भेटायला येणाऱ्यांना बायको तेच सांगू लागली. वर हसून म्हणायची, बघा, मेल्यांना घरात मिळेना म्हणून गाडीत शिरले. स्वयंपाकघरात पाण्याचे पेले भरताना वायरमनला ते ऐकू येई आणि तो पेले उगाचच पुन्हा विसळत बसे.

एका संध्याकाळी तिच्या हाताची पट्टी बदलताना त्याच्याने राहवलं नाही.

"उंदीर नव्हते," तो म्हणाला. "काम माझं होतं. फ्यूज टाकलाच नव्हता."

तिने हात काढून घेतला नाही. म्हणाली, "दार उघडत नव्हतं ना, तेव्हा मी तुम्हालाच हाका मारत होते."

त्याने पट्टीची गाठ मारली. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. वायरमन आत पेले भरत होता. आग लागली कशी हो, असं शेजारणीने विचारलं. बायकोचा घोगरा आवाज आला.

"ह्यांनाच विचारा."

तो पेले घेऊन बाहेर आला. तिच्याकडे पाहिलं, पण ती खिडकीबाहेर बघत होती. पेले खाली ठेवून तो शेजारणीसमोर बसला आणि सुरुवातीपासून, डोळ्यांपासून, सगळं सांगायला लागला.