बालकाच्या भूमिकेत

"तू मुलगी हो. तुला मेकअपची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या आणि सगळे हसले.

आम्ही बालहक्क कायद्यात एलएलएम करणारे. तलासरीच्या एका आश्रमशाळेत शिबिर होतं. बालकल्याण समितीपुढे सुनावणी कशी चालते, ते पालकांना नाटक करून दाखवायचं. वकील कोण, तर मुंबईची मुलं. समिती म्हणजे मॅडम. आणि समितीपुढे आणलेली आदिवासी पोर, ती दर वेळी मीच. एवढी मोठी घोडी, दोन वेण्या घालून. अंतर्गत गुण मॅडमच्या हातात, म्हणून मुकाट घालत आले.

या वेळी मुलीचं वाक्य होतं, "माझ्या आईबापाचं लग्न झालेलं नाही. मला संस्थेत ठेवा."

आमच्या वारली पाड्यांत आधी संसार लागतो. लग्न नंतर, जमेल तेव्हा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी आमची बाई, गाणी म्हणत असते तेव्हा कधी कधी नवरीच्या कडेवर पोर असतं. माझ्या आईच्या कडेवर मी होते. पाड्यात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. या विद्वानांनी एक दिवस कैनाडच्या पाड्यावर फेरी मारली, येताना घोलवडचे चिकू खाल्ले, फोटो काढले आणि आम्हाला 'दुर्लक्षित बालक' ठरवून मोकळे झाले.

मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "इमोशनल होऊ नकोस. आणि जरा वारलीत बोल, इफेक्ट येतो."

इफेक्ट! थू.

सुनावणी सुरू झाली. लेक काय शिकते ते बघायला माझी आई हौसेने आली होती, मागे बसली होती. टाय लावलेला माझा वर्गमित्र म्हणाला, "ही मुलगी अनैतिक घरात वाढते आहे." समोरच्या बायांनी माना खाली घातल्या. आईने मागूनच शेजारणीला मोठ्याने विचारलं, "ह्यो कोनाला बोलतं?"

तुला, आई. तुलाच बोलत होता तो.

मी उठले, वकिलाच्या टेबलाशी गेले, माइक ओढून घेतला.

"मी या मुलीची वकील. हिला आईबाप आहेत. घर आहे. माया आहे. कोणत्या कलमाखाली उचलता हिला?"

"हे स्क्रिप्टमध्ये नाही. खाली बस," मॅडम म्हणाल्या.

"नाही बसत."

टायवाला कायद्याचं पुस्तक चाळत राहिला. असलं कलम असेल तर सापडेल ना! मॅडमनी घाईघाईने चहा मागवला आणि सुनावणी गुंडाळली. पुढे माझे गुण कापले. त्यांची झेप तेवढीच.

यांच्या कनवाळूपणाची मला किळस येते. आमची पोरं यांना हवीत, पोरांचे आईबाप नकोत.

ही पदवी मी घेणार. वकिली इथेच करणार, डहाणू-तलासरीत. लग्न लागलं नाही म्हणून पाड्यावरचं पोर उचलायला या खुशाल. समितीपुढे गाठ माझ्याशी आहे.