बाई तरियाचं सौंदर्यीकरण

किस्से जमवावे लागत नाहीत. विधायक बदलत जातात, आपण तिथंच राहतो, आणि किस्से आपोआप साचतात. महाराष्ट्रातले लोक आमदार म्हणतात, आम्ही रायपूरकर विधायक म्हणतो. माणूस तोच. आमच्याकडे तर इतके किस्से साचलेत की पाहुणा आला की चहा कपात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "नारळाचा सांगितला का यांना?"

नारळाचा सांगते, पण आधी ठिकाण. आमचा मतदारसंघ शहराच्या कडेला आहे. गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या, दुसऱ्या बाजूला धानाची शेतं. नावाला गाव, भाजीचे भाव मात्र शहराचे. नालीची तक्रार घेऊन गेलं की पंचायत म्हणते निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे जा आणि निगम म्हणते पंचायतीकडे. या दोघांच्या मधे आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, आणि पाऱ्याच्या मधोमध बाई तरिया. तरिया म्हणजे तलाव. कोणत्या बाईनं खोदवला ते कुणाला ठाऊक नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली कुणी असावी, असं म्हणतात.

तलावाला दगडी पचरी आहे. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना इकडे पचरी म्हणतात. सकाळी तिथं आमची बैठक असते. मी, पोस्टातून रिटायर झालेली. वानखेडे भाऊ, रेल्वेत गार्ड होते, मूळचे अकोल्याकडचे. आवाज असा की हिरव्या झेंडीची गरजच पडली नसेल. आणि कुसुमकाकू. काकू अठ्ठ्याहत्तरच्या. सासरचं घराणं भोसल्यांबरोबर इकडे आलेलं, माहेर अमरावतीचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना पाण्याची भीती वाटायची. सासूनं नऊवारीचा काचा घट्ट मारायला लावला आणि याच तलावात पोहायला शिकवलं. काकू अजून रोज बुडी मारतात. डॉक्टर नको म्हणतो. काकू डॉक्टरलाच नको म्हणतात.

*

पहिले विधायक भले माणूस होते. हात कायम जोडलेले. जेवताना कसे सोडवत असतील, देव जाणे. एकदा सकाळी लवाजमा घेऊन आले आणि म्हणाले, "बताइए, तालाब को क्या चाहिए?"

वानखेडे भाऊ म्हणाले, "पानी."

विधायकांनी मान हलवली, पीएने डायरीत लिहून घेतलं. दोन महिन्यांनी ट्रक आले. तलावाभोवती फिरायला रस्ता, त्याला लाल-पिवळ्या टाइल्स, बसायला सिमेंटचे बाक. बोर्ड लागला: तालाब सौंदर्यीकरण. रस्ता करायला जागा कुठून आणली? तलावातूनच. काठ आत ढकलला, मुरूम टाकला, वर टाइल्स बसवल्या. पाणी मागितलं होतं, ते जिथं होतं तिथलंही थोडं गेलं.

आम्ही इंजिनियरला विचारलं. तो टेप घेऊन आला, इकडून तिकडे धावला आणि म्हणाला, साइज में कोई फरक नहीं है.

आता आमच्या पाऱ्याचा एक रिवाज आहे. दिवाळीच्या आधी मराठी घरांतल्या सगळ्या नऊवारी तलावावर धुतल्या जातात आणि पश्चिमेच्या पाळीवर एकीला एक लावून वाळत घालतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा लुगडी बसायची. काकूंच्या सासूच्या काळापासून पंधरा. त्या वर्षी तेराच बसली. दोन लुगडी हातात घेऊन काकू इंजिनियरसमोर उभ्या राहिल्या.

इंजिनियर म्हणाला, "माताजी, साड़ी से नाप नहीं होता."

"बेटा," काकू म्हणाल्या, "लुगडं धुतल्यावर आटते, वाढत नाही. हा तुझा तलाव धुतला कोणी?"

*

दुसऱ्या विधायकांना फोटोचा नाद. त्यांनी सेल्फी पॉइंट केला. मोठमोठी रंगीत अक्षरं आली, लाल बदाम आला. सगळं रस्त्याकडे तोंड करून, तलावाकडे पाठ. फोटोत तलाव येतच नाही! शिवाय पाण्यात फायबरचे चार हंस सोडले आणि ते वाहून जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधले. खऱ्या बदकांनी आठ दिवस त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बस्तान हलवलं.

या सौंदर्यीकरणात चौपाटी पण झाली. चाट, मोमोज, आणि गुपचूप, म्हणजे पाणीपुरी. त्या दिवाळीला पाळीवर अकरा लुगडी बसली.

*

आता नारळाचा. याच विधायकांनी तलावाला जाळीचं कुंपण घातलं आणि लोखंडी गेट बसवलं. गेटला कुलूप. उद्घाटन व्हायचं होतं आणि विधायकजी राजधानीत, म्हणजे दिल्लीत, तिकिटाच्या कामाला गेलेले. रायपूरही राजधानीच आहे, पण तिकीट इथं मिळत नाही.

मधेच गौरी आल्या. विसर्जनाच्या दुपारी पंचवीस-तीस बायका गौरींचे मुखवटे आणि पाणवठ्यावरचे खडे ताटात घेऊन गेटपाशी. चौकीदार म्हणाला, चाबी भैयाजी के पास है, उद्घाटन के बाद खुलेगा. बायका ऊन सोसत उभ्या. कुणी पीएला फोन लावला, पीएने घेतला नाही.

काकूंनी ताट सणाला पुण्याहून आलेल्या सुनेच्या हातात दिलं. कुलपाला हळद लावली, कुंकू लावलं, नमस्कार केला. मग नारळ उचलून दाणकन कुलपावर हाणला. नारळ फुटला, कुलूप राहिलं. दुसरा हाणला. तिसऱ्याला कुलूप सुटून खाली पडलं. ठेकेदाराचं होतं, तीन नारळ टिकलं हेच खूप.

चौकीदार रडकुंडीला आला. काकूंनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "उद्घाटन झालं. परसाद घे, अन् तुझ्या भैयाजीले कळव."

*

निवेदनाला आमच्याकडे ज्ञापन म्हणतात. ज्ञापन देणं हा मोठा सोहळा आहे. तुम्ही कागद पुढे करता, विधायक दुसरं टोक धरतात, फोटो निघतो, कागद टेबलावर राहतो. एकदा आम्ही तलाव वाचवायचं ज्ञापन घेऊन याच दुसऱ्या विधायकांकडे गेलो. चांगलं तासभर भांडून आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, त्यात मी तावातावानं बोट दाखवतेय, आणि खाली मजकूर: महिलाओं ने विधायक का आभार माना.

मला इतका राग आला की मी तो पेपर रद्दीत पण दिला नाही. अजून ठेवलाय.

पुढच्या वेळी काकूंनी युक्ती काढली. पंडरीच्या कापडबाजारातून पांढरं कापड आणलं आणि वानखेडे भाऊंकडून त्यावर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं: तालाब मत पाटो, तलाव बुजवू नका. म्हणजे फोटो कसाही काढा, मागणी दिसलीच पाहिजे. घडी घालून आम्ही कार्यालयात गेलो. तिथं आधीच तीन समाजांचे लोक शाल-श्रीफळ घेऊन आलेले, सत्कारावर सत्कार चालू. पीएची मशीन झालेली. कुणाच्या हातातलं कापड दिसलं की तो ते घ्यायचा, झटकायचा आणि साहेबांच्या खांद्यावर टाकायचा.

काकूंच्या हातातलंही घेतलं, झटकलं, टाकलं.

विधायकांनी हात जोडले, प्रसन्न हसले आणि तसेच उठून बाहेर जमलेल्या लोकांना भेटायला गेले. पाठीवर हातभर अक्षरं. दारापासून गाडीपर्यंत माणसं बाजूला होऊन वाचत होती. त्या दिवशीचा फोटो पेपरात आला नाही, पण रायपुरातल्या एकूणएक मोबाइलवर आला.

*

निवडणुकीत ते पडले. तलावामुळे पडले असं आम्ही म्हणतो. त्यांच्या पार्टीतले म्हणतात तिकीट चुकलं. असू दे.

प्रचारात तिसरे आले. तरुण, चपळ, काखेत कायम फाइल. पचरीवर आमच्या शेजारी बसले आणि काकूंना विचारलं, "काकी, मराठी समाज के कितने वोट होंगे इधर?"

काकू म्हणाल्या, "तू तलावाचं बोल. मोजणी मंग करू."

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळायचा नाही.

माझी मुलगी ऋचा वकिली करते. घरात मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं वीस वर्षं चाललंय. एका दुपारी लॅपटॉपवर जमिनीचं रेकॉर्ड पाहत होती. पानं खालीवर करत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, इसमें तो तालाब है ही नहीं."

बाई तरियाच्या नंबरावर लिहिलेलं होतं: पडीत जमीन. आधीच्या वर्षांत पाणी होतं, मग कधीतरी कोरडं झालं. कुणी केलं, त्याची सही नाही. आणि त्या पडीत जमिनीवर व्यापारी कॉम्प्लेक्सचा नकाशा तयार होता. पटवाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला भेटलो. तो खिडकीबाहेरच्या तलावाकडे न बघता म्हणाला, जो कागज में है, वही है.

मी घाबरले. आजवर जे चाललं होतं ती थट्टा होती. एक लुगडं गेलं, दोन गेली, भांडून येत होतो. आता सगळा तलावच जाणार होता. काकूंना सांगायचं धाडस मला होईना. वानखेडे भाऊंनी सांगितलं. काकू ऐकत राहिल्या, चष्मा पुसला, परत लावला.

"साठ वर्षं झाले मले या गावात," त्या म्हणाल्या. "नवरा गेला, दोन पोट्टे पुण्याले गेले. म्हणतात ये आमच्याकडे. मी काहून नाही गेली? या पाण्यासाठी. हे मले कागदावर बुडवून राहिले."

त्यांचा आवाज फाटलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग वानखेडे भाऊ उठले आणि पाऱ्यात दारोदार जाऊन सांगून आले. छत्तीसगढी, मराठी, ओडिया, सगळी घरं. प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, "हव, आबो." येतो म्हणून. ऋचाने कोर्टाचे कागद तयार केले, पण तारीख लांबची मिळाली आणि भूमिपूजन जवळचं निघालं.

*

भूमिपूजनाचा दिवस श्रावणातला. आठवडाभर पाऊस झालेला, तलाव तुडुंब. पचरीची एकच पायरी पाण्याबाहेर राहिलेली. टाइल्सच्या रस्त्यावर मांडव, पूजेचं ताट, नवी कुदळ, कुदळीला रिबन. आणि मांडवाभोवती अख्खा पारा. कुणी घोषणा देत नव्हतं. नुसते उभे होते.

तिसरे विधायक हुशार. पूजा बाजूला ठेवली आणि माइक घेऊन आधी समजावायला लागले. फाइल उघडून दाखवली. म्हणाले, भावना मी समजतो, पण रेकॉर्ड पाहा, इथं तलाव कधी नव्हताच. हा एक खड्डा आहे, पावसाचं पाणी साचतं, उन्हाळ्यात आटतं. विकास झाला तर तुमच्याच मुलांना दुकानं मिळतील.

वानखेडे भाऊ माइकशिवाय म्हणाले, "और ये पचरी?"

विधायक हसले. म्हणाले, एक-दोन सीढ़ी तर मागच्या भैयांनी सौंदर्यीकरणात बांधली असेल. खाली काय आहे, घुटने भर पानी.

काकू त्या एका पायरीवर बसलेल्या होत्या. त्या सरकल्या, शेजारची जागा हातानं पुसली आणि म्हणाल्या, "घुटने भर आहे तर दाखवा ना भैया. आमी म्हाताऱ्या, आमचं खरं कोण मानते?"

सगळे कॅमेरे वळले. आता मागे फिरणं बरं दिसलं नसतं. विधायकांनी बूट काढून पीएकडे दिले, मोजे दिले, पांढरी पँट दुमडली. पहिल्या पायरीवर पाणी घोट्यापर्यंत. त्यांनी वळून कॅमेऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या पायरीवर पोटरी बुडाली. तिसरीवर गुडघा, आणि तिथं त्यांनी हात वर करून सगळ्यांना दाखवलं, पाहा, घुटने भर. हात वर ठेवूनच त्यांनी पायानं पुढची जागा चाचपली. दगड लागला. चौथी. पँट मांडीपर्यंत भिजली. पाचवीवर कुर्ता पाण्यावर तरंगायला लागला आणि काठावरून पीए ओरडला, "भैया, मोबाइल!"

विधायक थांबले. पाणी कमरेच्या वर. एक पाय अजून खालच्या पायरीवर टेकलेला.

काकू वरून शांतपणे म्हणाल्या, "काहून थांबले भैया? उतरा ना. पचरी अजून लय बाकी आहे."