फ्रीजरमधलं हरीण

माझ्या नवऱ्याने, निखिलने, हंटिंगचं लायसन्स काढल्यापासून आमच्या अमेरिकेतल्या, मॉरिसव्हिलच्या घरात दोनच गोष्टी साठतायत. फ्रीजरमध्ये हरणाचं मटण आणि माझ्याकडे किस्से. मटण तरी कधीतरी संपेल!

काळजी एकच. पाच वर्षांच्या लेकीला, इराला, हे सांगायचं कसं? "बाबा अर्लकाकांबरोबर हायकिंगला गेलाय," असं मी ठोकून दिलं होतं. पॅरेंटिंगची चार पुस्तकं वाचलीत मी. एकातही हे प्रकरण नाही!

*

अर्लकाका म्हणजे आमचे शेजारी, जुने शिकारी. त्यांचा पहिला नियम, "हरणाला तुमचा वास येता कामा नये." निखिलने बिनवासाच्या साबणाने आंघोळ केली, कपडे वेगळे धुतले आणि जॅकेट वाळत टाकलं ते किचनमधल्या खुर्चीवर. तिथेच मी आमटीला हिंगाची फोडणी दिली!

पाच तासांत एक शेपूट दिसलं नाही. परतताना अर्लकाका म्हणाले, "हरणं पळाली ते ठीक आहे. पण मला सकाळपासून भयंकर भूक लागलीय!"

*

एकदा समोर मोठं हरीण आलं आणि निखिलने बंदूक खाली केली. "आज गुरुवार. मी नॉनव्हेज खात नाही."

अर्लकाका गंभीरपणे म्हणाले, "हे हरणांना कळू देऊ नकोस. रोज गुरुवार आहे म्हणून सांगतील."

*

पहिलं हरीण पडलं तेव्हा निखिल त्याच्याशेजारी बसून रडला. मग बूट काढून नमस्कार केला. अर्लकाकांनी काही न विचारता आपलेही बूट काढले. आता ते प्रत्येक शिकारीला काढतात. चिखल असला तरी!

*

"अरे, निष्पाप जीव तो!" मी निखिलवर ओरडले. हातात 'एकावर एक फ्री'वाला चिकनचा पॅक होता.

त्याने पॅककडे पाहिलं. "हिच्यासाठी कोण रडलं?"

मी पॅक फ्रीजमध्ये ठेवला. जरा हळूच.

*

नागपूरहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर लेकाला पाच मिनिटं झापलं. "शिव शिव! मुका जीव मारलास? हेच शिकवलं का तुला?" कॉल संपता संपता मला हळूच म्हणाल्या, "कच्ची पपई लाव गं मटणाला. नाहीतर चिवट राहील."

*

परवा संध्याकाळी जेवताना इरा म्हणाली, "आई, मटण यम्मी झालंय!" आत्ता नाही तर कधीच नाही.

"इरा, ते हरणाचं आहे. बाबाने मारलंय."

निखिलचा घास हातातच राहिला.

"रिअल डिअर?"

"हो, बाळा."

ती खुर्चीवरून उतरली. थेट मागच्या काचेच्या दाराशी जाऊन नाक टेकून उभी राहिली. संध्याकाळी आमच्या कुंपणाशी हरणं येतात, त्यांना तिने नावंसुद्धा ठेवलीत. गेलं, आता ही आयुष्यभर आमच्याशी बोलणार नाही! मी उठणार, तेवढ्यात तिचं मोजणं ऐकू आलं. "रोझी... स्पॉट... मिसेस ब्राउन... बेबी..."

ती परत आली, खुर्चीवर चढली आणि ताट पुढे ओढलं.

"अवर्स आर ऑल हिअर. आई, अजून रस्सा!"