दारावरचं बी.ए.

वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये रंगकाम चाललंय. टर्पेंटाइनचा वास आला आणि नारायण पेठेतला जिना आठवला. मी एम.ए. झाले तेव्हा दारावरच्या पाटीवर माझं नाव घालायला बाबांनी पेंटर बोलावला होता.

वरच्या मजल्यावरच्या काकू उतरताना थांबल्या. "आमचा मिलिंद कॉम्प्युटरचा कोर्स करून लागलासुद्धा. हिची नुसतीच पाटी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लागेल तीही," बाबा म्हणाले.

"अहो, डिग्रीला जागा पुरत नाही," पेंटर म्हणाला.

"मग माझं बी.ए. पुसा. हिचं ठळक येऊ द्या."

ज्या बी.ए.मुळे पेठेत त्यांना मान होता, ते टर्पेंटाइनच्या एका चिंधीनं निघालं. मी मात्र काकू गेल्या का, एवढंच बघत होते.