बाईजाबाईंची आंघोळ

आमच्या सासूबाई, बाईजा त्यांचं नाव, फडक्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब घशाखाली उतरू देत नाहीत. त्यांचं माहेर धसईच्या पलीकडचं. तिथे उन्हाळ्यात ओढ्याच्या वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपायची वाट बघायची आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं चार पदरी फडकं. लग्न होऊन किन्हवलीजवळ आमच्या गावात आल्या तेव्हा विहीर मिळाली, मग नळ आला, मग घरची बोअर आली, पण फडकं काही सुटलं नाही. गेल्या वर्षी त्या अंगणात पडल्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या शुद्धीवर आल्याआल्या नर्सने पाण्याचा ग्लास पुढे केला, तर यांनी मला खूण करून उशाखालचं फडकं मागितलं. नर्सला हसू आवरेना. मला मात्र, आता इथेही फडकी धुवायची का, हाच प्रश्न पडला होता.

घरी आल्यावर त्यांना खाली बसायला आणि वाकायला बंदी. म्हणजे बादलीतून तांब्याने पाणी घेणं संपलं. मी त्यांना खुर्चीवर बसवून आंघोळ घालू लागले. त्या सगळा वेळ डोळे गच्च मिटून बसायच्या. मला वाटायचं, साबण झोंबतो. एकदा मी साबण लावलाच नव्हता, तरी डोळे मिटलेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना सुनेसमोर उघडं बसायची लाज वाटत होती. वर ती बोलून दाखवायचीही चोरी होती.

म्हणून आमच्या शेखररावांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कल्याणहून इलेक्ट्रिक शॉवर आणला. भिंतीवर पांढरी पेटी, तिच्यातून निघालेली नळी आणि पुढे चाळणीसारखं तोंड. पहिल्या दिवशी सासूबाई हळूहळू चालत आत गेल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. किती महिन्यांनी तो कडीचा आवाज ऐकला. आत त्या चक्क ओव्या म्हणत होत्या. बाहेर आल्या त्या साबणाचा घमघमाट घेऊनच, आणि मला म्हणाल्या, "आता माज्या आंगोलीला कोनी नको गो."

होळी झाली आणि पेटी गळायला लागली. सासूबाई आंघोळ करून आल्या की पेटीच्या खालची भिंत ओली आणि बुडाला थेंब लोंबकळत असायचे. विजेच्या वस्तूतून पाणी म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरले. आमच्याकडची सगळी वायरिंगची आणि नळाची कामं मंगळू करतो, त्याला बोलावलं. त्याने शॉवर सोडला, बराच वेळ चालवला, पेटी कोरडी ठणठणीत. तो गेला, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आंघोळ केली आणि पुन्हा भिंत ओली. मंगळू पुन्हा आला. पेटी पुन्हा कोरडी. तो शेखरला हळूच म्हणाला, "आईच कायतरी करत आसल."

त्या संध्याकाळी जेवताना शेखरने निकाल दिला. "शॉक-बिक लागायच्या आत रविवारी काढून टाकतो. पयल्यासारखी अनिता घालंल आंघोल."

भाजी कुठली करायची हे ठरवावं, तसं बोलला. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. पुढचा घास काही त्यांनी उचलला नाही. मला असा संताप आला की विचारू नका.

"रविवारपर्यंत मी बघतंय," मी म्हटलं.

"तुला काय कलतंय त्यातला?"

"तुमाला तरी काय कललं?"

शेखरने भाजीचं पातेलं पुढे ओढलं.

सकाळी मी पेटीचं बटण पाडून ठेवलं आणि सासूबाईंना सांगितलं, आजपासून गार पाण्यानेच करा. उन्हाळाच होता, त्यांची काही तक्रार नव्हती. त्या आत जायच्या आधी मी पेटीच्या बुडाला आणि जोडांना कोरडी रांगोळी चोपडली. पाणी जिथून येईल, तिथली रांगोळी आधी भिजणार. त्यांची आंघोळ झाल्यावर पाहिलं तर सगळे जोड पांढरे स्वच्छ, फक्त बुडाच्या एका बारीक भोकाभोवतीची रांगोळी वाहून गेलेली.

मी मंगळूला फोन केला. "वयनी, ते भोक कंपनीनंच ठिवलंय," तो म्हणाला. "पुडं पानी तुंबलं का तितनं सुटतंय, नायतर पेटी फुटंल. पन तुमचा शॉवर तर झ्याक चालतो ना."

झ्याक चालत होता, मी स्वतः सोडून पाहिला होता. मग फक्त सासूबाईंच्याच वेळी पाणी कुठे तुंबत होतं? मी खुर्ची उलटी करून पाहिली, नळी चाचपली, हाती काही लागेना. वैतागून अंगणात वाळलेले कपडे काढायला गेले. दोरीवर त्यांचं पाण्याचं फडकं होतं. ते मी रोजच बघत होते. पण पाण्याचं फडकं तर मी आत्ताच स्वयंपाकघरात हंड्यावर बांधलेलं पाहिलं होतं. मग हे कुठलं? मी ते उन्हात धरलं. मधोमध लाल मातीचे बारीक ठिपके, गोलात गोल, थेट शॉवरच्या तोंडासारखे. मी दोरीखाली उभी राहून एकटीच हसत सुटले.

"आई, ह्ये शॉवरला बांधता तुमी?"

"मंग? होलीपासना पानी लाल येतंय. ती माती डोक्यावं घेऊ?"

"मंग सांगलं का नाय?"

"इचारलं कुठं कोनी? वला फडका तितंच ठिवला का वास मारतो, म्हनून सोडून वालत घालतंय."

खोटं काहीच नव्हतं. आणि माती होती हेही खरंच, शॉवरची चार-दोन भोकं तिने बुजलीही होती. मी विचारलं, "आई, हंड्याला फडका कुठं बांधता?"

"तोंडाला."

"बुडाला का नाय?"

 त्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या, इतक्या की कमरेला धरून खाटेवर बसावं लागलं.

मी फडकं घेऊन गच्चीवर चढले. बोअरचं पाणी टाकीत पडतं त्या पाइपच्या तोंडाला, हंड्याच्या तोंडाला बांधावं तसं, ते बांधायला घेतलं, आणि सासूबाई अंगणातून हुकूम सोडू लागल्या. "घट नको बांधू गो. पोट राव दे त्याला, माती बसाला जागा पायजे." मंगळूने येऊन भोकामागचं सैल झालेलं रबर बदललं. शॉवरचं तोंड मी काढलं आणि सासूबाईंनी ते मांडीवर घेऊन सुईने एकेक भोक मोकळं केलं.

रविवारी शेखर पाना घेऊन मोरीच्या दाराशी हजर. मी पुन्हा रांगोळी चोपडली, पेटीचं बटण वर केलं. सासूबाई आत गेल्या. कडी लागली. पाण्याचा आवाज सुरू झाला आणि त्याच्यावर ओवी. आम्ही दोघं नवराबायको दाराला कान लावून उभे, भिंतीवर थेंब पडतो का ते ऐकत.

ओवी मध्येच थांबली.

"शेखर, अनिता, दोगांबी जावा तितना," आतून आवाज आला. "मी आंगोल करतंय."