आमच्या आधी निघालेले पासपोर्ट

मार्चच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, शहाद्याला थोरल्या भावाच्या घरी तीन लाख रुपये बयाणा भरायचे ठरले. हजर: दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी. दादाची एकुलती एक मुलगी रूपाली जर्मनीहून फोनवर हजर होती. पण मध्येच तिचा आवाज गेला, म्हणून तिची हजेरी मी अर्धी धरतो.

पैसे जर्मनीला जाण्याचे होते. रस्त्याने.

हे वाचून लोक माझ्याकडे जसे बघतात तसे आपणही बघत असाल, म्हणून कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी मुंबईला विमानात बसले होते. पट्टा बांधून झाला, दार लागले, आणि दादा उभा राहिला. "दार उघडा, मन्हा जीव घाबरा व्हई ऱ्हायना." हवाई सुंदरीने पाणी दिले. दादा पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा दार मागितले. शेवटी दोघांना उतरवले, सामानही उतरवले, आणि दोघे रात्रीच्या गाडीने नंदुरबारला परत आले. केळीचा मोठा बागायतदार, साप हाताने धरणारा माणूस. पण बंद दार त्याला सोसत नाही. (जहाजाचीही चौकशी केली. माल जातो, दादा जात नाही.)

रूपालीचा मुलगा ईशान अडीच वर्षांचा. जन्मापासून त्याच्या हृदयात दोष, म्हणून डॉक्टर त्याला इतक्या लांब इकडे येऊ देत नाहीत. जुलैत त्याचे ऑपरेशन ठरले होते. त्याआधी एकदा त्याला मांडीवर घ्यायचे, एवढीच दादाची मागणी होती. बाकीचे नऊ देश ही केवळ मधली अडचण.

पुण्याच्या एका कंपनीचा गाड्यांचा ताफा मे महिन्यात निघणार होता. नेपाळ, चीन, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड आणि जर्मनी. दादा, वहिनी, आणि कागदपत्रे सांभाळायला मी. माझी पत्नी येणार नव्हती. "पन्नास दिवस तुमच्यासोबत एका गाडीत? मी इथून फोन करीन," असे तिने चारचौघांत सांगितले.

मी साखर कारखान्यात तीस वर्षे हिशेब लिहिले आहेत. त्यामुळे व्हिसाचे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. देश दहा असले तरी व्हिसे पाचच. नेपाळला लागत नाही, कझाकस्तानला चौदा दिवस लागत नाही, आणि शेवटच्या चार देशांना मिळून एकच चालतो. खरी गोम वेगळी आहे. पासपोर्ट एका वेळी एकाच कचेरीत असू शकतो. जर्मनीचा आधी करावा तर तो तीन आठवडे तिथे अडकतो. चीनचा आधी करावा तर जर्मनीची तारीख हुकते. मी मोठा तक्ता केला, पाच रंगांत. त्यात जर्मनी पहिला होता आणि बाकी सगळे त्याच्या शेपटीला बांधलेले होते. किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तानचे व्हिसे घरबसल्या मिळतात, ते तर मी आधीच काढून ठेवले. तक्त्यात दोन रकाने भरलेले दिसले की मला बरे वाटते.

मुंबईच्या व्हिसा केंद्राची तारीख मिळाली आणि वहिनींनी कॅलेंडर उघडले.

"भाऊ, ही तं अमावस्या शे."

"वहिनी, तारीख त्यास्नी दिधी. त्यासले अमावस्या माहीत नही."

"त्यासले नसू दे. आपले तं शे. पोऱ्याना ऑपरेशननं काम, आनी अमावस्याले सुरुवात?"

दुसऱ्या दिवशी पाडवा होता, पण पाडव्याला केंद्र बंद. त्यानंतरची मोकळी तारीख मेमधली, म्हणजे ताफा निघून गेल्यावरची. मी तक्ता दाखवला. वहिनींनी तो चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "रंग चांगला शेत."

मी दादाकडे पाहिले. दादा म्हणाला, "नाना, तिनं ऐक. मन्हामांगे ती इमानमाईन उतरनी व्हती."

तोडगाही वहिनींनीच काढला: प्रस्थान ठेवायचे. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी एक पिशवी जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे आपण निघालो. मग प्रत्यक्ष माणूस अमावस्येला गेला तरी दोष नाही. मला ही पद्धत हिशेबाच्या दृष्टीने पटली. खर्च शून्य, जोखीम शून्य. एकादशीला गल्लीच्या दक्षिण टोकाच्या जमनाबेनकडे पिशवी ठेवायचे ठरले, कारण मुंबई दक्षिणेला. तांदूळ, सुपारी, हळकुंड, कुंकवाची पुडी आणि एक नारळ.

"आनी पासपोर्ट," वहिनी म्हणाल्या.

"पासपोर्ट कशाला?"

"जे जावानं शे तेच ठेवानं ऱ्हास. रिकामी पिशवी ठेयी तं रिकामी पिशवीच जाई."

माझ्या पत्नीने तोंड उघडले होते. पण मी आधीच कबूल झालो, कारण महत्त्वाच्या वस्तू एकाच जागी असाव्यात हा माझा जुना नियम. मी स्वतःच्या हाताने तिन्ही पासपोर्ट पिशवीत रचले, वयाप्रमाणे. दादाचा तळाला, त्यावर वहिनींचा, वर माझा.

चतुर्दशीला दुपारी पिशवी आणायला गेलो तर जमनाबेनच्या दाराला कुलूप.

मी फोन लावला. पलीकडे रडण्याचा आवाज आला, आणि त्यातून जमनाबेन.

"नानाभाई, माझे जेठ, थोरले दीर, वारले. आम्ही सुरतेला आलो."

मी दुःख व्यक्त केले. किती वेळ व्यक्त करावे याचा अंदाज घेतला आणि विचारले, "पिशवी घरात आहे ना? किल्ली कोणाकडे?"

"घरात कशी ठेवू? प्रस्थान ठेवलेल्या घराला कुलूप लावतात का कधी? मी सोबत घेतली."

"सुरतेला?"

"काय बोलता? मयतीच्या घरी प्रस्थान नेतात? सुतक नाही लागणार त्याला? नवापूरला उतरवली, बहिणीकडे. एसटी थांबते तिथं."

म्हणजे मी शहाद्याला उन्हात कुलपासमोर उभा होतो आणि आमचे पासपोर्ट दोन तालुके पुढे गेले होते. मी नवापूरच्या बहिणीला फोन केला. तिच्याकडे कोंबड्यांचा फार्म आहे, त्यामुळे तिचे निम्मे बोलणे मला ऐकू आले.

"ताई, कोणाच्या तरी हाती पिशवी शहाद्याला पाठवा. गाडीभाडे मी देतो."

"माघारी?"

"हो."

"प्रस्थान माघारी फिरवायचं? भाऊ, शिकलेले माणसं तुम्ही. पुढे येऊन घ्या, हातात देते. मागे नाही पाठवणार. उद्या काही झालं तर तुमच्या वहिनी मला बोलतील."

(वहिनी खरोखरच बोलल्या असत्या. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून मान डोलावत होत्या.)

तरी मी हिशेब केला. नंदुरबारहून आमची संध्याकाळची गाडी नवापूरवरूनच जाते आणि तिथे दोन मिनिटे थांबते. डबा क्रमांक कळवला. गाडी थांबली तेव्हा ताई बरोबर डब्यासमोर होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तीस अंड्यांचा ट्रे. "लांब चाललात, रिकाम्या हाताने कसं पाठवू." गाडी हलली. वहिनी चतुर्दशीला अंड्यांना हात लावेनात, दादाला मधुमेहाचे औषध शोधायचे होते, म्हणून ट्रे माझ्या मांडीवर बसला आणि मुंबईपर्यंत बसून राहिला. पहाटे शेजारच्या प्रवाशाने तो आनंदाने नेला. त्या प्रवासात आनंद झालेला तो एकटाच.

वाटेत मी पिशवीची गाठ सोडायला गेलो. वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वाटमा उघडतस नही. जठे काम तठेच उघडानी."

पिशवीच्या खालच्या बाजूला ओल होती. मी ती पाहिली. माझ्या मनात आले, अंडे फुटले असावे. अंडी माझ्या मांडीवर होती आणि तीसच्या तीस शाबूत होती, पण माणसाला जे सोयीचे असते ते तो मानतो.

व्हिसा केंद्राच्या दारात सुरक्षा रक्षक होता.

"काका, पिशवीत काय आहे?"

"पासपोर्ट."

"गोल काय आहे?"

"नारळ."

"नारळ आत चालत नाही." त्याने गाठ सोडली आणि नारळ बाहेर काढला. एसटीत कुठेतरी आपटून त्याला केसाएवढी भेग गेली होती. आत पाणी नव्हते. पाणी कुठे गेले हे पुढच्या क्षणी कळले. माझा पासपोर्ट कोरडा. वहिनींच्या पासपोर्टचे कव्हर जरा दमट, आतली पाने ठीक. आणि तळाचा पासपोर्ट, नारळाचे पाणी आणि कुंकवाची फुटलेली पुडी यांच्यात दोन दिवस मुरलेला.

खिडकीवरच्या मुलीने तो दोन बोटांनी उघडला. फोटोच्या जागी शेंदूर फासलेला म्हसोबा होता.

"काका, हा खराब झालाय. चालणार नाही."

"नंबर वाचता येतो," मी म्हणालो. "शेवटचे तीन आकडे तर अगदी स्पष्ट."

"चेहरा दिसत नाही ना, काका. आधी नवा पासपोर्ट काढा."

"किती दिवस लागतील?"

"ते मी कसं सांगू? आणि इथली पुढची तारीख मेमध्ये आहे."

मी तक्त्याची घडी काढली. उलगडली नाही. दादाने तो लाल पासपोर्ट घेतला, धोतराच्या सोग्याला पुसला. त्यामुळे धोतर लाल झाले, पासपोर्ट होता तसाच राहिला. मग मला म्हणाला, "तुम्हना दोन्हीसना जमा करी दे. ते तं चांगला शेत."

"दादा, तुझ्याशिवाय आम्ही जाऊन काय करू?"

"जमा कर म्हणस ना मी."

वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी अमावस्येचे नावही काढले नाही, आणि ते मला बोलण्यापेक्षा जड गेले.

जर्मनीचे दोन व्हिसे वेळेवर आले. एक वहिनींचा, एक माझा. ज्याला विमानात बसता येत नव्हते, ज्याच्यासाठी हे दहा देश आखले होते, तो सोडून सगळे पात्र ठरले! ताफ्यातल्या तिन्ही जागा सोडल्या. बयाण्यातले दीड लाख कापले गेले. किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोन देशांत दादा आजही जुन्या पासपोर्टच्या नंबरावर स्वागतार्ह आहे, फक्त तो पासपोर्ट आता नाही.

जूनअखेर वहिनी एकट्या विमानाने गेल्या. जायला तयार नव्हत्या. दादाने दोन दिवस जेवण सोडले, तेव्हा तयार झाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी दादा सकाळपासून माझ्या ओट्यावर बसला होता, फोन मांडीवर पालथा ठेवून. मी दर अर्ध्या तासाने तिकडची वेळ सांगत होतो. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो म्हणाला, "नाना, आते गप बस." दुपार गेली. संध्याकाळी फोन वाजला, वहिनींचा आवाज आला, "चांगलं व्हयनं. उनं पोर बाहेर." दादाने फोन कानाला लावून ठेवला. वहिनींचे बोलणे संपून फोन बंद झाला तरी काढला नाही. मी त्याला सांगितलेही नाही.

ईशान आता बरा आहे. लांबच्या प्रवासाला मात्र अजून दोन वर्षे मनाई. दादा सदुसष्टचा झाला आणि ताफ्यात सत्तरीपर्यंतच घेतात.

"पुढला साल जाऊ," एके दिवशी चहा पिताना तो म्हणाला.

"जाऊ. मी नवा तक्ता करतो."

"तू नको."

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन नंदुरबारला एका एजंटकडे गेला. तिथे त्याने अकरा हजार रुपये रोख मोजून दिले आणि पावती माझ्या हातात दिली. त्यावर दोन ओळी होत्या: पाच व्हिसे काढण्याचे पाच हजार, आणि भावाला कागदपत्रांना हात लावू न देण्याचे सहा हजार.

मी बेरीज तपासली. बरोबर होती.