पोरगी बाहेर न्यायचा हुकूम

नवरा गेल्यावर दिराने खटपट करून मला नागपूरच्या जेलात बायकांच्या बराकीवर वॉर्डरीण म्हणून लावून दिलं. इंग्रजांचा अंमल होता. सरकारी नोकरी लागली म्हणून घरचे खूश झाले. सीताबर्डीच्या बाजारातली भाजीवाली मात्र, मी जेलातली आहे हे कळल्यापासून, हात लागू नये म्हणून माझ्या पिशवीत वरूनच भाजी टाकायची.

बराकीत कळमेश्वरकडची एक बाई होती. सासऱ्याच्या खुनात जन्मठेप झालेली. आली तेव्हा पोटुशी होती. पोरगी जेलातच झाली, माझ्या हातावर. चालायला लागल्यावर ती माझा पदर धरून बराकभर फिरायची, मला मावशी म्हणायची. त्या नोकरीत बरं वाटावं असं तेवढंच होतं.

पोरगी पाच वर्षांची झाली आणि हुकूम आला, तिला आता जेलात ठेवता येणार नाही. माहेर-सासरचं कुणीच तिला न्यायला आलं नाही. अनाथाश्रम ठरला. पोहोचवायचं काम माझ्याकडे आलं.

"साहेब, दुसऱ्या कोणाले सांगा," मी जेलरसाहेबांना म्हटलं.

"बच्ची तुम्हें पहचानती है," ते म्हणाले. "रोएगी नहीं."

सकाळी आईने तिची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. सगळं ठाऊक असून तिनं मला विचारलं, "बाई, कुठं नेऊन राहिल्या तिले?"

"चांगल्या जागी. शाळा आहे तिथं."

"भेटाले आणसाल?"

"साहेबाले विचारून पाहते."

टांग्यात पोरगी हरखून गेली होती. घोडा तिनं कधी पाहिला नव्हता. आश्रमाच्या बाईंनी तिचा हात धरला तेव्हाही ती रडली नाही. मी लगेच परत येणार, असंच तिला वाटत होतं.

भेटीला नकार आला. तो मीच आईला सांगितला. त्या दिवसापासून ती माझ्याशी कधीच बोलली नाही. मी भाकरी दिली की मान फिरवायची.

मी नोकरी सोडायचं मनात घेतलं. बराकीवरच्या म्हाताऱ्या वॉर्डरीणबाई म्हणाल्या, "जाशील कुठं वं? दिराच्या दारात? मी बी गेली होती सोडून. परत आली."

मी राहिले. पुढं बराकीत आणखी लेकरं जन्मली. त्यांची बाळंतपणं केली, त्यांना आईच्या कुशीत दिलं. नंतर एकालाही मी उचलून घेतलं नाही.